डाव्या हाताला, वीतभर

सोलणीच्या चौदा बायका, बॉयलरवरचा इनास,
हिशोबातली दोन पोरं,
कारखान्याच्या टेम्पोतून आम्ही सागरेश्वरला उतरलो
तेव्हा ओहोटी होती.
प्रभुखानोलकर साहेब मागून गाडीने आले.

प्रशिक्षणवाल्या बाईंनी शिट्टी वाजवली:
आज इथे कोणी साहेब नाही, कोणी कामगार नाही.
आम्ही मान हलवली. मान हलवायचीच सवय.
चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत साहेब निघाले.
सुमन गिरप तोंडात पदर कोंबून हसली.

त्यांच्या डोळ्यांवर मी रुमाल बांधला,
गाठ जरा सैलच,
आणि हात धरला.
बावीस वर्षं पगाराच्या पाकिटापलीकडे दिसलेला हात.
माझी बोटं काजूच्या तेलाने काळी, सोललेली,
कितीही राख लावा, टोकं खरखरीत.
ते काही बोलले नाहीत.
हात तेवढा एकदा हलला, पाण्याबाहेरच्या मासळीसारखा,
मग तिथेच राहिला.

"रवा," मी म्हटलं.
ते थांबले.
मला भीतीच वाटली.
माझ्या शब्दावर आजवर
शेडमधलं मांजरसुद्धा थांबलं नव्हतं.
"फुडे दगड आसा. डाव्या हाताक. वीतभर उंच.
शेवाळ आसा, टाच आधी टेका."
त्यांनी टाच टेकली.
कालवांच्या धारेवरून, कुर्ल्यांच्या बिळांवरून
सुरूच्या मुळांपर्यंत नेलं त्यांना.
पायाला ओरखडा नाही.

मग रुमाल माझ्या डोळ्यांवर आला,
त्याला त्यांच्या अत्तराचा वास.
"सावकाश," ते म्हणाले. "सांभाळून हं."
पुन्हा, "जपून."
कुठे जपून, ते सांगेनात.
अंगठा ठेचला तेव्हा आठवलं,
भट्टीजवळच्या भिंतीवर हेच लिहिलंय, लाल रंगात:
काळजी घ्या, सुरक्षित राहा.
त्याच भिंतीखाली सत्यवतीचं मनगट भाजलं.

मी वाळूत उभी राहिले.
रुमाल न काढताच म्हटलं,
"साहेब, दगड खंय आसा तां सांगा. केवढो आसा तां सांगा.
जपूचा काम माझा. बघूचा तुमचा."
लाट आली, परत गेली. टाचांखालची वाळू सरकली.
शिट्टीवाल्या बाई वहीत काहीतरी लिहीत असाव्यात.
मग एक वेगळाच आवाज आला,
फळ्यावरचं अडखळत वाचणाऱ्या पोराचा:
"उजव्या... नाही, तुमच्या डाव्या हाताला. वीतभर."

जेवण एकाच पंगतीत झालं, सोलकढी दोनदा फिरली.
जाताना साहेब टेम्पोत बसले नाहीत,
गाडीनेच गेले. खोटं कशाला सांगू.

सोमवारी भट्टीजवळ उभे होते,
हातात मोजपट्टी, बुटांच्या शिवणीत अजून वाळू.
वाकून इनासला विचारत होते,
वाफ नेमकी कुठून निघते, किती उंचावर.
मी राखेत बोटं बुडवली,
काजू उचलला.
भिंतीवरची जुनी अक्षरं कोण खरवडणार
ते अजून ठरलेलं नाही.