दुखायचं थांबलं तेव्हा

नारीनच्या जिल्हा रुग्णालयात, रात्रपाळीला,
मी फॉर्म भरते आहे.

नाव : साग्यनबाय.
वय : एकाहत्तर. (सून म्हणाली सत्तर,
मग बोटांवर मोजून, एक वाढवून.)
ताप : एकशे तीनच्या घरात.
पांढऱ्या पेशी : एकवीस हजार.
सोनोग्राफीत अपेंडिक्सच्या तोंडाशी
वाटाण्याएवढा खडा.
दुखणं कधीपासून?

इथं सगळे एकदम बोलतात.
मंगळवारी, नातू म्हणतो,
आजोबांनी घोडीच्या दुधाला तोंड लावलं नाही.
नाही, सोमवारी, सून म्हणते,
खोगीर कसताना वाकले ते वाकलेलेच राहिले,
खाली पडलेलं काही शोधत असल्यासारखे.
म्हातारा डोळे न उघडता म्हणतो : काल.

वरच्या कुरणातला काल केवढा असतो
हे मला सोळा वर्षांत कळलं आहे.
त्यात एक गाभण घोडी असते, दिवस भरलेली,
सुनेच्या दाढेसाठी आणलेल्या सहा गोळ्या असतात,
नमद्यात गुंडाळून पोटावर ठेवलेला गरम दगड,
आणि दरड कोसळलेली खिंड.
आणि मुलगा परदेशी, बांधकामावर.
त्याला कशाला कळवायचं.

बेंबीपाशी उठलं, मग उजवीकडे खाली उतरलं.
त्यानं अंगावर काढलं.
याच अंगावर त्यानं हिवाळे काढले होते,
लांडगा काढला होता, एक मुलगी पुरली होती.
हे तर नुसतं पोट.

बुधवारी पहाटे दुखायचं थांबलं.
उठून बसला. चहा मागितला.
स्वतःच्या हातानं भाकरी मोडली.
शेजारच्या तालायची जीप आली होती, इंजिन चालूच;
सुनेनं त्याला आत बोलावून खाऊ घातलं
आणि मोकळी जीप परत पाठवली.

दुपारी पोट फळीसारखं झालं.

आता दाराआड डॉक्टर बुरुल आहेत,
दिवा आहे, पू शोषणाऱ्या नळीचा आवाज आहे.
सून बाकावर. हातात सासऱ्याची टोपी,
ती उलटी करते, सुलटी करते.
"थांबलं होतं हो," ती मला म्हणते.
"खरंच थांबलं होतं. चांगलंच होतं ना ते?"

गळू फुटलं की हलकं वाटतं, बाई.
बाहेर फुटलं तर.
एवढं वाक्य माझ्या जिभेवर तयार आहे,
विद्यार्थिनींना मी ते दर वर्षी सांगते.
मी थर्मासचं झाकण उघडते,
तिला चहा ओतून देते, माझ्या वाट्याचा.

फॉर्मवर शेवटची ओळ उरली आहे :
उशीर होण्याचं कारण.
जागा अर्धा इंच.
मी लिहिते, घोडी.
खोडते.
नातवाला विचारते, व्याली का रे?
तो झोपेतच मान हलवतो,
हो की नाही, ते कळत नाही.