चाळीस फुटांवर

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये
रात्रपाळीचा मुजीब
क्रेनच्या केबिनीत बसतो.
चहाच्या सुट्टीत त्याच्या फोनवर जपान:

लोखंडी राक्षसाच्या छातीत
गृहपाठ राहिलेलं पोर.
मेलेल्या बापाचा आवाज घालून फिरणारं कुत्रं.
चंद्रावरचा संप, लई लांबलेला.
आणि एक, ज्यात काहीच होत नाही.
जग बुडालंय, एक यंत्रबाई
कुणाचेतरी कपडे वाळत घालते, बस्स.

"हे सगळं एकाच देशाचं?"
"आपलं भंगार बघ की," तो म्हणाला,
"सायकल, तिजोरी, जहाजाचा पत्रा.
भट्टीत जाईस्तोवर कोण कुणासारखं असतं?"

भोंगा झाला. तो शिडी चढला,
दोन्ही दांडे धरले.
माझ्या डोक्यावरून
तो अजस्र हात
अलगद, कुणाला लागू नये असा,
सरकला.