आपण, आम्ही

शाळेच्या पटांगणात निळी ताडपत्री,
भाड्याच्या खुर्च्या, दोन कर्णे,
आणि माणशी एक टोपी फुकट, पुढे कंपनीचं नाव.
वारा असा की इंजिनिअर ओलाएचेआंच्या कागदांवर
धोंडा ठेवावा लागला.

मी मधे उभी.
इकडचं स्पॅनिश तिकडे, तिकडचं केचुआ इकडे.
दिवसाचे एकशेवीस सोल. पैसे मंत्रालयाचे, जेवण कंपनीचं.

ते म्हणाले, नोसोत्रोस.
खाण आली की नोसोत्रोस पुढे जाऊ.
स्पॅनिशमधे हा एकच शब्द,
सैल पोत्यासारखा, कुणीही मावतं.
माझ्या आईच्या भाषेत मात्र दोन आहेत:
नोकान्चिस, म्हणजे आपण, तुझ्यासकट.
नोकायकू, म्हणजे आम्ही, तू सोडून.
विचार करायला वेळ कुठे असतो? माईक खरखरत होता.
मी म्हणून गेले, आपण.
तीनशे माना हलल्या.
त्या मी हलवल्या, हे फार रात्री कळलं.

मग फोर्तुनाता काव्हाना उठल्या.
टोपी उलटी धरून तिच्यात भाजलेला मका घेतला होता,
ती खुर्चीवर ठेवली, जपून.
माईक नको म्हणाल्या.
तळ्याकडे बोटसुद्धा केलं नाही, नुसती हनुवटी.
"पाणी आमचं."
आमचं. आपलं नव्हे.
एवढ्याशा प्रत्ययाचं कुंपण,
आणि ते घालायला बाई सत्तर वर्षं थांबलेली.

मी स्पॅनिशमधे म्हटलं, नुएस्त्रा आग्वा.
दुसरं काय म्हणणार होते?
ओलाएचेआंचा चेहरा उजळला. टाळी वाजवली त्यांनी.
"अगदी बरोबर, सेन्योरा! आपलं पाणी. आपल्या सगळ्यांचं!"
कारकुनानं ते लिहून घेतलं.
कर्ण्यानं ते डोंगरापर्यंत नेलं आणि परत आणलं.

मी हात वर केला.
अध्यक्ष म्हणाले, दुभाष्याचं बोलणं
विषयपत्रिकेत नाही.

अंगठे झाले. शाई पुसायला
लोकांनी गवत उपटलं, काहींनी टोप्या वापरल्या.
फोर्तुनाता माझ्याजवळ आल्या,
मूठभर मका माझ्या हातात ओतला,
आणि आमच्या भाषेत विचारलं, रागानं नाही,
पाहुण्याला गाव विचारावं तसं:
"तू गं? तू कुठल्या शब्दात?"

जीप हॉर्न देत होती.
मागच्या सीटवर उरलेल्या टोप्यांचं खोकं.
बसायला जागा हवी म्हणून
मी ते मांडीवर घेतलं.