उजवीकडचं स्टूल

रात्री दहाला शटर अर्धं खाली ओढतो.
झेरॉक्सचं मशीन अजून कोमट असतं,
त्याच्यावरच कीबोर्ड ठेवतो
आणि द्वारका चौकातल्या ट्रकांचे हॉर्न ऐकत
ओझरहून उडतो.

पेडल म्हणजे आत्याच्या शिलाई मशीनची पायपट्टी.
थ्रॉटल, बिघडलेल्या लॅमिनेटरचा दांडा.
चेकलिस्ट मात्र अस्सल, मराठीत टाईप केलेली,
मीच लॅमिनेट केलेली, दोन्ही बाजूंनी:
दरवाजे बंद. इंधन पुरेसं. मन ठिकाणावर.
तिसरं कलम माझं.

उजवीकडे प्लास्टिकचं स्टूल,
त्यावर शकूरभाई कोकणी.
एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात रिव्हेट मारले,
डावा कान तिथंच ठेवून आले.
हातून गेलेल्या एकाही विमानात बसले नाहीत.
"ती बसायची विमानं नव्हती," म्हणतात,
आणि उरलेला कान माझ्या स्पीकरला लावून,
"गोड आहे फार. खरं इंजिन शिव्या देतं."

उधारीच्या जुन्या वहीत मी नोंद ठेवतो.
ओझरला उतरलो, दोन हजार तीनशे बारा वेळा.
धुक्यात, वावटळीत, एक इंजिन बंद पाडून.
एकदा चुकून जानोरीच्या द्राक्षबागेत.
एक मणी फुटला नाही.
नुसता हिरवा रंग होता, जमिनीला फासलेला.

मे महिन्यात शकूरभाईंच्या मुलीनं
हैदराबादहून दोन तिकिटं पाठवली.
एक अब्बांचं,
एक, तिनं लिहिलं होतं, तुमच्या पायलटचं.

तपासणीत खिशातून चेकलिस्ट निघाली.
जवान सांगलीकडचा असावा.
त्यानं उलटसुलट वाचली.
"मन ठिकाणावर?"
हो म्हणालो.
आयुष्यात इतकं खोटं कधी बोललो नाही.

धावपट्टी दोन-सात, वारा समोरून, सगळं पाठ.
पण तळव्यातून दाढेपर्यंत चढणारी थरथर
कुठल्याच आवृत्तीत नव्हती.
पाय पेडल शोधत राहिले,
सापडली पुढच्या बाईची पिशवी.
कुणीतरी बाम चोळला होता.
माझ्या आकाशाला वास नाही.
माझ्या आकाशात कान दुखत नाहीत.
डावीकडे गंगापूर धरण आलं,
खेळात बारमाही काठोकाठ,
इथं आटून आटून
तळाशी चहा उरलेल्या बशीसारखं.
म्हटलं, शकूरभाई, धरण बघा.

शकूरभाई पंख बघत होते.
काचेला बोट टेकवून
ओठांतल्या ओठांत मोजत होते.
"ओळ सरळ मारलीय पोरानं.
तो एक तिरपा. बघ. बघ ना."
मला रिव्हेट दिसेना.
मला फक्त पंख वाकताना दिसला,
वर, खाली, पुन्हा वर.
"वाकतोय हो."
"वाकू दे. तेवढ्यासाठीच पगार घेतला."

उतरताना मी हलकेच मागं ओढलं, सवयीनं.
हातात शकूरभाईंची बाही होती.
चाकं टेकली.
माझा त्यात काही हात नव्हता.

परत आलो. दहा वाजले. शटर अर्धं.
पडद्यावरचा पंख फळीसारखा ताठ.
"आज मी," म्हणाले शकूरभाई,
म्हणून मी पहिल्यांदा स्टुलावर बसलो.
तिथून पडदा तिरका दिसतो,
निम्म्या आकाशात ट्यूबलाईट.
नऊ वर्षं हा माणूस इथून काय बघत होता?

त्यांनी दांडा रेटला, दात खाल्ले,
इंजिनाच्या वतीनं एक शिवीही दिली,
आणि वळून, छान वळून,
थेट रामशेजवर आदळले.

मी वही उघडली.
शकूर कोकणी. रामशेजला धडक.
दोघंही सुखरूप.

"आणि बाकीचे?"
"कोण बाकीचे?"
"मागे बसलेले."

मी वळून पाहिलं.
ए-फोरच्या रिमा, छतापर्यंत.
शटरखाली कुणाच्या तरी चपला,
थांबलेल्या.