तिसरा रविवार

ग्रिम्सबीच्या या चॅपलमध्ये
प्रभूची प्रार्थना सगळे एका दमात म्हणतात.
मी मधली एक ओळ सोडते.
दोन वर्षं झाली.
भाकरीपर्यंत सगळ्यांसोबत, मग एका श्वासापुरतं गप्प,
आणि परीक्षेच्या वळणावर त्यांना पुन्हा गाठते.
कुणाच्या लक्षात येत नाही.
ज्याच्या लक्षात यायचं त्याच्या येतच असणार.

दोन बाकं पुढे लॉरेन बसते.
करड्या केसांत तीच तपकिरी क्लिप,
चौकशीच्या दिवशीही होती ती.
'तो डोस सूच्या हातचा,' म्हणाली होती,
शांतपणे, चहात दूध घालावं तसं.
सू म्हणजे मी.
अख्खी सुवार्ता कुणी तोंडात घेत नाही इथं.

अकरा आठवडे मी घरी.
गणवेश इस्त्री करून खुंटीला,
फोन वाजला की पोटात गोळा.
शेवटी कागद आला : पुरावा नाही.
निर्दोष, असं काही लिहिलेलं नव्हतं.

जालन्याला मिशन कंपाउंडच्या तोंडाशी
अप्पांचं दुकान होतं. तेल, मीठ, काडेपेट्या,
आणि उधारीची लांबट लाल वही.
नाताळच्या आदल्या रात्री फळ्या लावून झाल्या
की निळ्या पेन्सिलीनं ते काही नावांवर रेघ मारायचे.
एकदा मी वही कंदिलापाशी नेली.
रेघेखालून सगळं स्वच्छ वाचता येत होतं :
इस्राएल पाटोळे, सत्तेचाळीस रुपये साठ पैसे.
अप्पा, हे तर दिसतंय अजून.
दिसणारच, म्हणाले. खोडरबर नाहीये ते.
फक्त आता मागायला जायचं नाही.
मग फळीवरचं मीठ झटकत,
आणि तो समोरून आला तर रस्ता बदलायचा नाही.
तो बदलेल. आपण नाही.

इथल्या प्रार्थनेत ऋण नाही.
इथं ट्रेसपास.
गोदीजवळच्या जाळीवर तीच पाटी, गंजलेली,
खाली दंडाची धमकी.
लॉरेन माझ्या कुंपणात शिरली होती, हे खरं.
पण कुंपणाच्या भाषेत मला एवढंच सुचतं
की बाहेर काढावं आणि फाटक लावून घ्यावं.
ऋणाचं कळतं मला. ऋणाला वही असते.

नोव्हेंबरात लॉरेनला झटका आला, डावा हात गेला.
तिला पाळीपाळीनं आणायची यादी दारामागे लागली.
तिसऱ्या रविवारपुढची जागा रिकामी होती,
तीन आठवडे रिकामीच राहिली.
दोरीला बांधलेलं पेन काळ्या शाईचं होतं.
चाललं.

आज हंबरवरून बोचरा वारा,
धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास.
तिच्या अंगावरून पट्टा ओढून खटका लावताना
माझा चेहरा तिच्या इतका जवळ गेला
की तिच्या श्वासातली पेपरमिंट लागली नाकाला.
वाटलं, आता म्हणेल.
म्हणाली, 'काच पुसायला झालीय तुझी, सू.'
राग आला. जुनाच, पण वाफ ताजी.
मी काच पुसली.
मग म्हटलं, 'सुवार्ता.'
वाकड्या झालेल्या ओठानं तिनं दोनदा म्हणून पाहिलं.
दुसऱ्यांदा जवळपास जमलं.

चॅपलमध्ये शेजारीच बसले.
तिला उभं राहताना धरायला कुणीतरी लागतं.
भाकरी झाली. ती ओळ आली.
मी ती अप्पांच्या भाषेत घेतली, ओठांतल्या ओठांत.
त्या भाषेत आधी आपण सोडलेलं सांगायचं,
मग आपल्यासाठी मागायचं.
तिथंच जीभ अडली.
'सोडली आहेत' म्हणायचं होतं,
'सोडते आहे' असं निघालं.

काळ चुकला असेल.
तोवर सगळे पुढे, आमेनपाशी पोचले होते.
लॉरेनचं पुस्तक घसरून खाली पडलं,
मी उचलून पान शोधून दिलं.

पुढच्या महिन्यातही आहे तिसरा रविवार.