सुट्टे

दसकच्या पुलाकडे तोंड करून चौघी गच्चीवर बसलो होतो,
मधे चिवड्याची परात,
कांदा कुणी चिरायचा यावरून अर्धा तास गेलेला.
फरीदा म्हणाली, चल, सांग आता. फोटो नकोत,
फोटोत तू कायम डोळे मिटतेस.

तर मी तवांगपासून सुरुवात केली.
बस बर्फात चार तास अडकली,
पुढच्या सीटवरचा कोवळा भिक्खू
मोबाइलवर जुनी मॅच बघत नखं खात होता,
निकाल माहीत असलेली मॅच.
विजया म्हणाली, आणि संडास?
मी म्हटलं, बाई, बर्फातच.
त्यावर जेवढं हसू झालं
तेवढं माझ्या हिमशिखरांवर कुणी गप्पही झालं नाही.

सिंधू गांगुर्डे काही विचारत नव्हती.
शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होती,
पूर्वी डब्यातले ठेवायची तसे, शेवटी खायला.

मग जयगाव. बाजार, हॉर्न, केळ्यांच्या गाड्या,
आणि एका कमानीतून पलीकडे पाऊल टाकलं की भूतान,
जणू कुणी रेडिओ बंद केला.
तिथे एका पानवालीनं मला सुट्टे परत दिले:
तिच्या राजाच्या दोन नोटा
आणि एक दहाची. आपली.

आपली?
तिघी ताठ बसल्या.

एकतीस वर्षं आम्ही छापखान्याच्या फाटकातून आत गेलो, बाहेर आलो.
बाहेर पडताना डबा उघडून दाखवायचा,
अंबाडा सोडून दाखवायचा,
हाताला येणारा शाईचा वास सोडला तर
बरोबर काही न्यायचं नाही.
घरी विचारायचे, आज काय केलं?
आम्ही म्हणायचो, काम.
आम्ही फार तर वणीला गेलो, कुणाच्या नवसापायी एकदा शिर्डीला.
त्या मात्र कोऱ्या करकरीत, गठ्ठ्यागठ्ठ्यानं
वॅगनमधून निघून जायच्या,
आणि कुठे उतरल्या
ते कुणी येऊन सांगितलं नाही.

मी रुमालाची गाठ सोडली.
चिकटपट्टी लावलेली, कोपऱ्यावर पानाचा लाल अंगठा,
कडेला परक्या लिपीत कुणाचं नाव, की हिशोब.
विजयानं चष्मा पुसला, नोट उजेडाला धरली,
मग कडेकडेनं बोट फिरवलं, सवयीनं.
सरकलीये, म्हणाली. डावीकडे, केसभर.
ही सोडली कुणी?

आपली नसणार, फरीदा म्हणाली. म्हैसूरची असेल.

चिवडा कुणीच खात नव्हतं.
सिंधू म्हणाली, मीही असू शकते.
ज्या वर्षी ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं,
समोर कागद यायचे, जायचे,
मला त्यात सलाइनची नळी दिसायची.
तीन महिने. किती सुटल्या असतील हातून,
कुणाला बोलले नाही. अजून वाटतं,
एखादी घेऊन कुणीतरी दारात उभं राहील.

आणि आणली मी. नेमकी मी.
इतका मुलूख फिरून, रुमालात बांधून.

मला अजून धनुष्कोडीची वाळू सांगायची होती,
जनकपूरच्या धर्मशाळेतला चोर सांगायचा होता
ज्यानं चपला परत आणून ठेवल्या, माप बसेना म्हणून.
तो चोर आता बुधवारी.
फरीदानं आपल्या वाट्याचे शेंगदाणे
सिंधूच्या ढिगात सरकवले.
विजया नोट पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली,
अगं, केसभरही नाही. माझाच चष्मा घसरलाय.
विजयाचा चष्मा दोरीनं बांधलेला असतो.

खाली कोथिंबीरवाला ओरडला.
सिंधूला जुडी हवी होती, पर्समध्ये सुट्टे नव्हते.
मी तीच दिली.
तिनं ती दुमडली नाही, तळहातावर तशीच धरून
जिना उतरली, एकेक पायरी.
आम्ही तिघी कठड्यावरून वाकून बघत राहिलो.
त्यानं न बघता ती गोणपाटाखाली सारली,
जुडी दिली,
वर दोन मिरच्या.