तुटलेली रेघ

पहिला डॅशबोर्ड केला तेव्हा
त्यात चौदा तक्ते होते, तीन काटेवाली वर्तुळं,
आणि एक पाय चार्ट, अकरा फोडींचा,
पाहुण्यांना वाढताना आईची तारांबळ उडावी असा.
नैवाशाच्या तळ्याकाठी, पॅकहाउसच्या भिंतीवर
तो लागला. ओचोलासाहेब म्हणाले, वा नांजाला!
किप्तानुई मुकादम हातमोजे न काढताच उभा राहिला.
"यातलं मी काय बघू?"
"सगळं," मी म्हणाले.
तो हसला नाही. गार खोलीत निघून गेला.

नाकापेक्षा मोती जड.
हे मला कळायला तीन आठवडे लागले
आणि एक अख्खी पाळी,
त्याच्या शेजारी, उलट्या बादलीवर बसून.
पहाटे चारला. बाहेर पाणघोडे अजून गवतात,
आत पंख्यांची घरघर, देठ कापल्याचा हिरवा वास.
वहीत मी फक्त लिहीत होते, हा मान कुठे वळवतो.
दाराच्या थर्मामीटरकडे.
बादल्यांच्या रांगेकडे.
घड्याळाकडे, कारण विमानतळाचा ट्रक दोनला निघतो
आणि तो कुणासाठी थांबत नाही.
बस. एवढंच.

मग कागद, पेन्सिल, आणि मुख्य म्हणजे खोडरबर.
सावल्या गेल्या, चकाकी गेली,
लाल-हिरवे दिवे गेले, पाय चार्टही गेला
(त्याचं थोडं वाईट वाटलं).
राहिला एक मोठा आकडा, डिग्रीत,
एक रेघ आजची,
तिच्यामागे फिकट, कालची.

रंग सोपे होते. कष्ट खालच्या मजल्यावर होते,
जिथे एकाच गुलाबाची चार स्पेलिंगं
चार वेगळ्या बागा होऊन उगवत,
जिथे एका शेडची तारीख दिवसाने सुरू व्हायची,
दुसरीची महिन्याने,
आणि तीन एप्रिलचा माल चार मार्चलाच निघून जायचा.
क्वेरी लिहायची, तपासायची, पुन्हा लिहायची.
हे कुणी भिंतीवर लावत नाही.

फेब्रुवारी. सगळ्या युरोपला एकाच दिवशी
लाल फुलं हवी असतात.
मंगळवारी रात्री बाद फुलांची रेघ
खाली आली, आणखी खाली, शून्यावर टेकली.
सकाळी ओचोलासाहेबांनी टाळ्या वाजवल्या,
सगळ्यांना सोडा पाजला.
नासेरिआन तेवढी बाटली हातात धरून
स्क्रीनकडे बघत राहिली. बाद फुलं तोलणारी तीच.
"माझा काटा त्या रात्री बंद होता," ती म्हणाली.
तिच्या वहीत स्वच्छ अक्षरात होतं:
बॅटरी गेली. मोजलं नाही.

मी क्वेरी उघडली.
एकशे बाराव्या ओळीत, माझ्याच हातची सूचना:
रिकामं असेल तर शून्य धर.
तक्ता नीट दिसावा म्हणून.
घाईत होते म्हणून.
त्या रात्री कचऱ्याच्या ट्रॉलीत किती फुलं गेली
कुणालाच ठाऊक नव्हतं,
आणि मी त्याचा सोहळा करून ठेवला होता.

ओळ पुसली.
बुधवारी रेघ सोमवारपाशी थांबली,
मध्ये कोरी जागा,
मग पुन्हा सुरू, बरीच वरून.
"हे बिघडलंय का?" ओचोलासाहेबांनी विचारलं.
"नाही. त्या रात्रीचं आपल्याला माहीत नाही."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
सोड्याचा हिशेब करत असावेत.

दुपारी नासेरिआन आली,
ओल्या बोटानं स्क्रीनवरची ती फट दाबून पाहिली.
"ही माझी रात्र," म्हणाली, आणि कामाला गेली.
काचेवर एक थेंब राहिला,
चढत्या रेघेच्या तोंडाशी.

शुक्रवारी नव्या बॅटऱ्या आल्या.
चुकीच्या मापाच्या.
रेघ आणखी दोन दिवस तुटलेली होती.